महागड्या गाडीची सर्व्हिस: शोरूम की बाहेरचं गॅरेज, आणि बिल नेमकं फुगतं कुठे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर तो इथेच कळेल. गाडी जर्मन सेदान, सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, वय सहा वर्षं, ८२,००० किलोमीटर झालेले, वारंटी संपलेली. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलंय: पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड, पुढचे लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे), ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती, कूलंट बदल आणि इंजेक्टर क्लीनिंग. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल तुम्ही विचारलंत, तर ‘ते लाइफटाइम आहे, हात लावायची गरज नाही’ असं उत्तर मिळालं. याच यादीचा बाहेरच्या एका गॅरेजने जवळजवळ निम्मा आकडा सांगितला. आता तुम्ही विचारताय की शोरूमवाले लुटतायत, की बाहेरचा कुठेतरी हात आखडता घेतोय.

दोन्ही शक्य आहे. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असणं हेही शक्य आहे, आणि माझ्या पाहण्यात हेच जास्त येतं. नुसते दोन आकडे शेजारी ठेवून यातलं काय खरं ते कळणार नाही, कारण दोघांनी एकच यादी गृहीत धरली आहे. ती यादीच बरोबर आहे का, हे अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

माझी बाजूही सांगून टाकतो. मी बरीच वर्षं शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होतो, आधी मेकॅनिक, मग फोरमन. आता स्वतःचं गॅरेज चालवतो. लोक शोरूम सोडून बाहेर पडले की माझा धंदा होतो, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबाने चाळून घ्या. दोन्हीकडची जॉबकार्डं हाताखालून गेल्यावर माझं मत असं झालंय की तासाच्या दरातला फरक खरा असला, तरी मालकाचा सगळ्यात मोठा पैसा धडधाकट पार्ट बदलण्यात जातो. हे शोरूममध्येही होतं आणि बाहेरही, फक्त कारणं वेगळी. त्यामुळे गाडी कुठे न्यायची हे मी शेवटी ठरवतो. आधी एस्टिमेटच्या प्रत्येक ओळीला ‘कशावरून?’ असं विचारतो.

आधी बिल कसं बनतं ते पाहू. लेबरचे जे तास लिहिलेले असतात ते घड्याळ लावून मोजलेले नसतात. कंपनी प्रत्येक कामाला ठरावीक वेळ देते, त्याला तासाच्या दराने गुणलं की झालं लेबर. मेकॅनिकने काम लवकर उरकलं तरी बिल तेवढंच, आणि गंजलेला बोल्ट तुटून अर्धा दिवस गेला तरी बहुतेक वेळा तेवढंच. बाहेरची बरीच गॅरेजंही अशाच वेळापत्रकांवर चालतात, फक्त त्यांचा दर कमी असतो. शोरूमच्या दरात काचेची इमारत, कंपनीचं बंधनकारक ट्रेनिंग, खास टूल्स, सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क आणि तुम्हाला कॉफी विचारणारा माणूस हे सगळं धरलेलं असतं. यातल्या ट्रेनिंग आणि टूल्सचा तुमच्या गाडीला उपयोग होतो, काचेचा होत नाही.

लेबरमध्ये एकच गोष्ट नीट बघा. दोन कामांना एकच उघडाउघड लागत असेल, तर ती दोनदा लावली आहे का? काही इंजिनांत ऑइल फिल्टर हाउसिंगमधूनच कूलंटही फिरतो. तिथे ते हाउसिंग काढायचं तर कूलंट काढावाच लागतो आणि परत भरून त्यातली हवाही काढावी लागते. तुमचं इंजिन त्यातलं असेल, तर ‘कूलंट बदल’ ही ओळ वेगळ्या पूर्ण लेबरने येण्याचं कारण नाही, फक्त कूलंटची किंमत यायला हवी. सर्व्हिस अॅडव्हायझरला एवढंच विचारा की ही दोन कामं एकत्र केली तर लेबर किती. चांगला अॅडव्हायझर स्वतःहून कमी करून देतो.

पार्टच्या बाबतीत लोकांच्या मनात दोनच खण असतात, ओरिजिनल आणि डुप्लिकेट. प्रत्यक्षात मधे बरंच काही आहे. गाडी बनवणारी कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. फिल्टर माले किंवा मान यांच्याकडून येतात, इंजेक्टर आणि सेन्सर बॉश किंवा कॉन्टिनेंटलकडून, आर्म आणि बॉल जॉइंट अनेकदा लेमफोर्डरचे असतात, आणि लेमफोर्डर हा झेडएफ या पार्ट बनवणाऱ्या जर्मन कंपनीचाच ब्रँड. तोच पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्यात एका किमतीला आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात बऱ्याच कमी किमतीला मिळतो. कधीकधी तर पार्टवर ज्या जागी गाडीच्या कंपनीचा लोगो असतो, तिथे फक्त घासल्याची खूण दिसते. तुमच्या दोन आकड्यांतला मोठा फरक बहुधा इथेच असेल.

पण यालाही मर्यादा आहेत. एकच ब्रँड म्हणजे प्रत्येक वेळी तीच फॅक्टरी आणि तोच दर्जा, असं नसतं. फिल्टर, पॅड, बेल्ट, आर्म, गॅस्केट हे मी बनवणाऱ्याच्या खोक्यातले बिनधास्त वापरतो. टायमिंग चेनचे भाग, क्रँक सेन्सर, कूलिंगचे प्लास्टिकचे जोड आणि ज्यांना कोडिंग (सॉफ्टवेअरने गाडीशी जुळवणी) लागतं असे मॉड्यूल मी गाडीच्या कंपनीचेच घेतो, कारण तिथे पुन्हा उघडायची वेळ आली तर पार्टवर वाचवलेल्याच्या कितीतरी पट लेबर जातं. आणि डुप्लिकेट माल, म्हणजे नामांकित कंपनीच्या नकली खोक्यातला, हा दोन्हीहून वेगळा प्रकार आहे. ब्रेक पॅड आणि ऑइल फिल्टर यांत तो सर्रास सापडतो. त्यावर माझा साधा नियम आहे: बिलावर पार्टचा ब्रँड आणि नंबर लिहून मागायचा, आणि जुना पार्ट व नव्याचं रिकामं खोकं डिकीत ठेवायला सांगायचं. कुठल्याही गॅरेजने यावर तोंड वाकडं केलं तर तिथून निघायचं.

इंजिन ऑइलमध्ये तर ब्रँडपेक्षा अप्रूव्हल महत्त्वाचं. ‘५डब्ल्यू-३०’ हा फक्त घट्टपणाचा आकडा झाला. त्याच घट्टपणाची दोन ऑइलं रसायनाने पूर्ण वेगळी असू शकतात. डब्यावर बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, एमबी २२९.५१, व्हीडब्ल्यू ५०४.००/५०७.०० असं जे छापलेलं असतं ते त्या कंपनीच्या चाचणीत पास झाल्याची खूण असते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच डब्यावर हवं. बाहेरच्या गॅरेजची किंमत निम्मी असेल आणि ऑइल ड्रममधून निघत असेल, तर त्या ड्रमवरचं लेबल वाचून या.

आता मुख्य मुद्दा, निदान. यावर जरा जास्त लिहितो, कारण पैसे इथेच वाचतात किंवा इथेच बुडतात.

स्कॅनर लावला की फॉल्ट कोड येतो आणि लोकांना वाटतं निदान झालं. कोड फक्त एवढंच सांगतो की कंट्रोल युनिटला एखादा आकडा अपेक्षेबाहेर दिसला. पी०१७१ हा कोड घ्या. अर्थ: मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. अंदाजाने काम करणारा आधी एअर मास सेन्सर बदलतो. आठवड्याने दिवा परत लागतो. मग ऑक्सिजन सेन्सर बदलतो. मग म्हणतो पेट्रोल पंप बघू. तीन महाग पार्ट बदलून होतात आणि गाडी जिथल्या तिथे.

माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी स्मोक मशीन लावतो. इनटेकच्या पाइपातून हलक्या दाबाने पांढरा धूर सोडायचा, इंजिन बंद, हातात टॉर्च. मिनिट-दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग कुठल्या तरी कोपऱ्यातून दोऱ्यासारखी धुराची रेघ वर यायला लागते. कधी टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या क्लिपखालून, कधी टॅपेट कव्हरवरच्या गोल झाकणाच्या बारीक भोकातून. त्या झाकणाखाली क्रँककेसच्या वाफा सोडणारा रबरी पडदा असतो, तो फाटला की इंजिन तिथून हवा ओढतं. तो पडदा ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. पण बऱ्याच आधुनिक इंजिनांत कंपनी तो सुटा विकत नाही, अख्खं टॅपेट कव्हर विकते.

शोरूम आणि बाहेरचं गॅरेज यांतला खरा फरक अशा ठिकाणी दिसतो. शोरूमच्या मेकॅनिककडे कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, फोक्सवॅगन-ऑडीला ओडिस. त्यात तपासणीचा क्रम ठरलेला असतो आणि तो पाळला तर निदान सहसा चुकत नाही. मात्र त्या क्रमाचा शेवट बहुतेक वेळा ‘असेंब्ली बदला’ असाच होतो, कारण कंपनीच्या यादीत सुटा पार्टच नसतो आणि केलेल्या कामाला शोरूमला वारंटी द्यायची असते. चांगलं बाहेरचं गॅरेज तीच असेंब्ली उघडून आतला पडदा, सील किंवा बेअरिंग बदलतं. दोघांचंही आपापल्या परीने बरोबर आहे. नव्या असेंब्लीला आयुष्य जास्त असतं, दुरुस्तीला पैसे कमी लागतात. गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे यावर निवड ठरते, आणि ते फक्त तुम्हाला माहीत.

चुकतं ते वाईट बाहेरचं गॅरेज, आणि ते फार महागात पडतं. तिथे ना ठरलेला क्रम, ना स्मोक मशीन, फक्त एक स्वस्त स्कॅनर आणि ‘हा बदलून बघू’. तासाचा दर तिसऱ्या हिश्श्यावर असला तरी तीनदा अंदाज चुकला की शोरूमचं बिल बरं वाटायला लागतं. मालकांना निदानाचे वेगळे पैसे द्यायला जिवावर येतं, हे मी जाणतो. पण निदानाचे वेगळे पैसे मागणाऱ्या गॅरेजला पार्ट विकून ते वसूल करायची गरज पडत नाही, हे लक्षात घ्या.

एअर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर उभ्या गाडीचं, उदाहरण इथेच देतो, पुढे कधी उपयोगी पडेल. रात्रभर गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, सकाळी कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो, काही महिन्यांनी तो जळतो. कॉम्प्रेसर नवा टाकला तर तोही जळणार, कारण मूळ गळती त्या हवेच्या पिशवीला असते. साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायला फार वेळ लागत नाही. हे न करता कॉम्प्रेसर बदलायला निघालेला कोणीही असो, शोरूम की बाहेरचा, त्याला थांबवा.

बरं, आता तुमची यादी.

डिस्क आणि पॅड. डिस्कवर किमान जाडी कोरलेली किंवा छापलेली असते. नवी असताना ३० मिलिमीटरची डिस्क असेल तर किमान २८.४, अशा धर्तीची. ‘डिस्क संपल्या’ हे वाक्य ऐकून घेऊ नका, मायक्रोमीटरने मोजलेला आकडा मागा. किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त असेल, पृष्ठभाग सपाट असेल, तडे नसतील, तर नुसते पॅड पुरतात. साधारणपणे पॅडचे दोन संच एका डिस्कवर जातात, पण हे चालवण्याच्या सवयीवर फार अवलंबून आहे.

इथे मला एक शंका आहे. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार तुम्ही केली होती का? एस्टिमेटमध्ये डिस्क आणि लोअर आर्म दोन्ही एकदम आले की माझ्या डोक्यात हाच विचार येतो. काही गाड्यांच्या पुढच्या आर्ममधल्या बुशात, म्हणजे आर्मच्या टोकाच्या रबरी जोडात, द्रव भरलेला असतो. तो बुश फुटला की ब्रेक मारताना चाक पुढेमागे हलतं आणि थरथर अगदी डिस्क वाकल्यासारखी वाटते. म्हणजे एका तक्रारीवर दोन उपाय लिहिले गेले असतील, आणि त्यातला एकच लागत असेल. डिस्कला डायल गेज लावून ती फिरताना किती डगमगते ते मोजता येतं. बुशाखाली ओलसर डाग आहे का ते टॉर्चने दिसतं. पहारीने आर्म दाबला की फाटलेला बुश उघडा पडतो. रबराच्या वरच्या थरावर दिसणाऱ्या बारीक भेगांना मी फाटलेला म्हणत नाही, सहा वर्षांच्या रबरावर त्या असणारच. आर्म बदलायचेच ठरले तर जोडीने बदला आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. त्याची ओळ एस्टिमेटमध्ये नसेल तर विचारा. आणि एक बारीक गोष्ट: बुशाचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नसतात. गाडीचं वजन चाकांवर आलं, किंवा सस्पेन्शन त्या उंचीला उचलून धरलं, की मगच टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. स्वस्तात बदललेले आर्म वर्षभरात आवाज करायला लागतात, त्यामागे अनेकदा पार्ट नसून हेच असतं.

ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती. यादीतलं हे एकच काम मी लांबणीवर टाकणार नाही. गॅस्केट म्हणजे रबराची एक छोटी कडी, किंमत क्षुल्लक. पण ती कडक झाली की ऑइल झिरपतं आणि काही इंजिनांत नेमकं खालून जाणाऱ्या बेल्टवर पडतं. ऑइलने फुगलेला बेल्ट पुलीवरून घसरतो, चिंध्या होतात, आणि त्या चिंध्या क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढल्या गेल्याची उदाहरणं आहेत. तसं झालं तर खालचं चेंबर उतरवून आतला दोर निवडत बसावं लागतं, आणि नाही निवडला तर ऑइलची जाळी तुंबून इंजिनच जातं. म्हणून गॅस्केट करताना बेल्टही बघा, ओला असेल तर बदला. या कामाला शोरूम लागत नाही. मात्र गळती खरंच तिथूनच आहे याची खात्री हवी, कारण वरच्या टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑइलही ओघळत तिथेच येतं. भाग धुऊन, थोडे किलोमीटर चालवून परत बघणं हा जुना उपाय अजूनही उत्तम.

इंजेक्टर क्लीनिंग काढून टाका. तुमचं इंजिन मिसफायर करत नाही, ॲव्हरेज पडलेलं नाही, मग कशासाठी? शिवाय तुमच्यासारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. त्यामुळे टाकीत ओतलेलं कुठलंही औषध व्हॉल्व्हवरचा कार्बन धुऊ शकत नाही. तो कार्बन खरंच साचला असेल तर इनटेक उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग करावं लागतं, आणि तेही कॅमेरा आत घालून बघितल्यावर. ही ओळ एस्टिमेटमध्ये का येते हे मी तिथे काम केलं असल्याने सांगू शकतो: अॅडव्हायझरला अशा जोडकामांचं महिन्याचं टार्गेट असतं.

यादीत जे नाही त्याकडेही बघा. ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याने उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर पेडल मऊ पडू शकतं. बहुतेक जर्मन कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. शेवटचं कधी बदललं ते बिलात शोधा.

गिअरबॉक्सच्या ‘लाइफटाइम’ ऑइलशी मी सहमत नाही. अशा गाड्यांत बऱ्याचदा झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक असतो, आणि तो बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. तुम्ही त्या टप्प्यात आला आहात. हे काम जाणकाराकडूनच करा. खालचं प्लास्टिकचं चेंबर आणि फिल्टर एकच भाग असतो, तो पूर्ण बदलावा लागतो. ऑइलची पातळी बघायला दांडी नसते. इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं ऑइल साधारण ३० ते ५० अंशांत असताना, बाजूच्या बोल्टच्या भोकातून जास्तीचं ऑइल थेंबथेंब बाहेर येईपर्यंत भरायचं. तापमान स्कॅनरवर बघत राहावं लागतं. ‘जेवढं निघालं तेवढं भरतो’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. खरं तर बाहेरचं गॅरेज पारखायला मी ओळखीच्यांना हाच प्रश्न विचारायला सांगतो: गिअरबॉक्सची लेव्हल कशी बघता? उत्तरात तापमानाचा उल्लेख आला की निम्मी परीक्षा पास.

उरलेली निम्मी परीक्षा अशी. मागचे पॅड बदलताना इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकता का, की पिस्टन दाबून मागे ढकलता? नवी बॅटरी टाकल्यावर ती गाडीत रजिस्टर करता का? बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्जिंग ठरतं, नवीन बॅटरी आल्याचं कळवलं नाही तर गाडी तिला जुन्यासारखीच चार्ज करत राहते. ॲल्युमिनियमचे एकदाच वापरायचे बोल्ट नवे घालता का? यांवर जो माणूस न चिडता बोलतो आणि एखाद्या कामाला ‘हे माझ्याकडे नको, शोरूमलाच न्या’ असंही म्हणतो, त्याच्याकडे गाडी द्यायला हरकत नाही.

कारण काही कामं खरोखर शोरूमचीच आहेत. वारंटी किंवा एक्स्टेंडेड वारंटी चालू असताना मी गाडी बाहेर उघडू देणार नाही. कायदा काही ठिकाणी मालकाच्या बाजूने आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे केवळ बाहेर सर्व्हिस केली म्हणून कंपनीला वारंटी नाकारता येत नाही, आणि युरोपीय संघात बाहेरच्या गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. पण कायदा आपल्या बाजूने असणं आणि बिघडलेला टर्बो घेऊन भांडत बसणं यांत फरक आहे. एक्स्टेंडेड वारंटीच्या अटी तर वेगळ्याच असतात, त्या शब्दशः वाचा.

रिकॉलचं, म्हणजे दोष सापडल्याने कंपनीने स्वतः परत बोलावलेल्या गाड्यांचं, काम शोरूमला फुकट होतं, गाडी तुमच्या हातात कितवी आली याने फरक पडत नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगचं प्रकरण एवढं मोठं होतं की त्यात अनेक महागड्या ब्रँडच्या गाड्या होत्या, आणि तरी कित्येक मालकांनी त्या वर्षानुवर्षं बदलून घेतल्या नाहीत. तुमचा चॅसिस नंबर देऊन काही बाकी आहे का विचारा. चाव्या आणि इमोबिलायझर, सॉफ्टवेअर अपडेट, ऑडीसारख्या गाड्यांत सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालू न होणारे मॉड्यूल, पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, हायब्रिडची हाय व्होल्टेज बॅटरी, हे सगळं शोरूमकडे किंवा त्या कामाची साधनं आणि ट्रेनिंग असलेल्या माणसाकडे. शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर ‘बघू काय होतंय’ चालत नाही.

आणि गुडविल नावाचा प्रकार असतो. वारंटी नुकती संपलेली असताना मोठा बिघाड आला आणि गाडीचा सगळा इतिहास शोरूमचा असेल, तर कंपनी कधी कधी पार्टचा काही हिस्सा उचलते. हक्क म्हणून मिळत नाही, मागावा लागतो. तुमच्या गाडीला सहा वर्षं झाल्यावर ती शक्यता बरीच कमी झाली आहे, म्हणून केवळ त्या आशेवर शोरूमचे दर भरत राहू नका. विकताना शोरूमचे शिक्के कामाला येतात हे खरं. पण समजूतदार गिऱ्हाइकाला तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि ऑइलचं अप्रूव्हल लिहिलेली बाहेरची बिलं दाखवली तर तीही चालतात. बिलंच नसतील तर मात्र भाव पडतो.

तुमच्या जागी मी असतो तर हाउसिंगची गळती, बेल्ट, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्स ऑइल हे चारही त्या बाहेरच्या गॅरेजला दिले असते, अर्थात लेव्हलच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर. इंजेक्टर क्लीनिंग रद्द. डिस्क आणि आर्म मोजमाप होईपर्यंत थांबवले असते. शोरूमला फक्त रिकॉल आणि सॉफ्टवेअर तपासायला नेलं असतं.

डिस्कची जाडी मिलिमीटरमध्ये, दोन्ही बुशांचे जवळून काढलेले फोटो आणि बेल्टचा एक फोटो एवढं मिळवा. ब्रेक मारताना थरथर आहे की नाही तेही सांगा, आणि असेल तर कुठल्या वेगाला. त्यावरून आर्म की डिस्क हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येईल.